गादीचा वारस आणि गालगुंड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पायी हिंडणाऱ्या मनुष्याला शिंदे घराण्याची वंशावळ निराळी पाठ करावी लागत नाही. दौलतगंज, जनकगंज, जिवाजीगंज ही वस्त्यांची नावेच ती सांगत जातात. मात्र या नावांच्या साखळीतील एक गोष्ट कोणत्याही पाटीवर लिहिलेली नाही. महादजींच्या मागून दौलतराव आले, ते त्यांच्या पोटचे नव्हते. दौलतरावांच्या मागून जनकोजीराव आले, तेही पोटचे नव्हते. आणि जनकोजीरावांच्या मागून आलेले जयाजीराव हेही दत्तकच. १७९४ पासून १८४३ पर्यंतच्या अर्धशतकात ही गादी तीन वेळा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा वारस भाऊबंदांतून आणावा लागला.

सामान्य घरात मूल नसले तर ते त्या घराचे दुःख असते. राजघराण्यात तेच दुःख राजकारण होऊन बसते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस वारले. त्यांचे बंधू तुकोजी यांचे नातू दौलतराव गादीवर आले, आणि काही वर्षांतच महादजींच्या विधवा स्त्रिया त्यांच्याविरुद्ध फौजेसह उभ्या राहिल्या. दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी निवर्तले. त्यांच्या पत्नी बायजाबाई, कागलकर सर्जेराव घाटगे यांची कन्या, मोठ्या कर्तृत्वाची बाई. त्यांनी मुकुटराव नावाचा अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजी ठेवले आणि राज्याची सूत्रे स्वतःच्या हाती राखली. मुलगा मोठा झाला तशी मायलेकरांत तेढ वाढली आणि १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले.

पुढचा प्रसंग याहूनही करुण आहे. जनकोजीराव ७ फेब्रुवारी १८४३ रोजी ऐन तारुण्यात वारले. त्यांची विधवा ताराबाई तेव्हा अवघी बारा-तेरा वर्षांची होती. जी मुलगी आजच्या हिशेबाने सातवी-आठवीच्या वर्गात बसली असती, तिने आठ-नऊ वर्षांचा भगीरथराव मांडीवर घेतला आणि त्याचे नाव जयाजीराव ठेवले. कारभारी कोण असावा, मामासाहेब कदम की दादा खासगीवाले, यावरून दरबारात दोन तट पडले. गव्हर्नर-जनरल लॉर्ड एलेनबरो फौज घेऊन आला. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे दोन लढाया झाल्या आणि ग्वाल्हेरच्या फौजेचा मोड झाला. पुढच्या जानेवारीतील तहाने शिंद्यांचे सैन्य छाटले गेले व राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. तीन वर्षांचा का होईना, एखादा औरस मुलगा असता, तर इतिहासाने कोणते वळण घेतले असते हे कोणी सांगावे?

ग्वाल्हेरचे राज्य निदान राहिले. इतर मराठी राज्यांच्या नशिबी तेवढेही नव्हते. डलहौसीच्या काळात औरस पुत्र नाही या सबबीवर १८४८ मध्ये सातारा गेला, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी गेली. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई दत्तकाच्या हक्कासाठी लढत लढत १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरलाच धारातीर्थी पडल्या. त्यांची समाधी फुलबागेजवळ आहे. दत्तक मानण्याच्या सनदा संस्थानिकांना मिळाल्या त्या १८६२ मध्ये, लॉर्ड कॅनिंगच्या हातून. तोवर पाळणा रिकामा राहणे म्हणजे राज्य धोक्यात येणे, असाच त्याचा अर्थ होता.

या काळावरील ग्रंथांत वारस कोण, पालक कोण, शिक्का कोणाच्या हाती, याची चर्चा पानोपानी आढळते. मूल का झाले नाही, आणि उणीव कोणाच्या शरीरात होती, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर समाजाने आधीच ठरवून टाकले होते. मूल नाही, म्हणजे बाईत दोष. उपास तिने करावयाचे, नवस तिने बोलावयाचे, पिंपळाला फेऱ्या तिने घालावयाच्या. आणि एवढे करून कूस उजवली नाही, तर सवतीला ओवाळून घरात घेण्याची पाळीही तिच्यावरच यावयाची. भाषेनेही या बाबतीत पक्षपात केला आहे. ‘वांझ’ हा शब्द जसा बाईच्या तोंडावर फेकला जातो, तसा पुरुषाच्या तोंडावर फेकण्याजोगा शब्द मराठीत रुळलेला नाही. ‘वांझोटा’ असा शब्द आहे खरा. पण लोक तो माणसापेक्षा कष्टांना आणि चर्चेलाच अधिक लावतात. ‘नपुंसक’, ‘षंढ’ हे शब्द निराळ्याच उणिवेचे आहेत. संसार करण्यास सर्वथा समर्थ, धट्टाकट्टा, दाढीमिशा असलेला पुरुषही निर्बीज असू शकतो, ही कल्पनाच नसल्यामुळे तिच्यासाठी शब्द घडला नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ‘अपुत्र’ आणि ‘अनपत्य’ या दोन गोष्टी एक नव्हेत. महादजींना बाळाबाई ही कन्या होती. दौलतरावांनाही मुली होत्या. झाशीचे गंगाधरराव यांना लक्ष्मीबाईंपासून १८५१ मध्ये मुलगा झाला होता. तो काही महिन्यांतच गेला. तेव्हा या पुरुषांना निर्बीज ठरविणे हे इतिहासाला सोडून होईल. जनकोजीरावांविषयी तर निदान करावयास आधारच नाही. दीडदोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नाडी कोणाच्या हाती लागत नाही, आणि राजवाड्यातील प्रत्येक मृत्यूला किंवा प्रत्येक रिकाम्या पाळण्याला आधुनिक रोगाचे नाव चिकटविण्याचा जो छंद काही लेखकांना जडला आहे, तो टाळलेला बरा. मुद्दा एवढाच, की प्रश्न पुरुषाकडे वळविण्याचे धैर्य त्या समाजात नव्हते. आणि ते धैर्य ज्या आजारांनी माणसाला हळूहळू शिकविले, त्यांत एका क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या दुखण्याचा वाटा आहे. ते दुखणे म्हणजे गालगुंड.

लष्करातील मराठी घरात ज्याला गालगुंड म्हणतात, त्याला शेजारचे हिंदी भाषक घर गलसुआ म्हणते. कानाच्या खाली, जबड्याच्या कोनापाशी असलेली लाळेची ग्रंथी सुजते, मुलाचा चेहरा विचित्र दिसू लागतो, चार दिवस घास चावताना कळ येते, लेप लावला जातो आणि आठवड्याभरात मूल पुन्हा अंगणात खेळू लागते. घरची माणसेही या दुखण्याला हसण्यावारीच नेतात. सुश्रुताने जबड्याच्या सांध्यापाशी येणाऱ्या एका कठीण सुजेला ‘पाषाणगर्दभ’ असे नाव देऊन तिची गणना क्षुद्ररोगांत केली. पाषाणगर्दभ म्हणजे गालगुंडच, असे अनेक वैद्य मानतात. क्षुद्र ही संज्ञा मुलांच्या बाबतीत बहुतांशी खरीही आहे.

पण मोठ्या वयाच्या पुरुषांत हा रोग कसा वागतो, हे प्रथम टिपले ते ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथाने. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस थॅसॉस बेटावर आलेल्या साथीचे त्यात वर्णन आहे. कानांपाशी सूज, कोणाला एका बाजूस, कोणाला दोन्ही. ताप बहुधा नाहीच. सूज पिकत नाही, आपोआप ओसरते. रोगी विशेषेकरून तरुण मुलगे आणि भर वयातील पुरुष, त्यातही तालमीत जाणारे, स्त्रिया थोड्या. आणि मग काहींच्या वृषणांना, म्हणजे पुरुषबीज जेथे तयार होते त्या ग्रंथींना, वेदनांसह सूज आली. कोणाच्या एका, कोणाच्या दोन्ही. गालाची सूज आणि इतक्या दूरच्या अवयवाची सूज यांचा संबंध त्या निरीक्षकाने केवळ डोळ्यांनी पाहून जोडला. चोवीस शतकांपूर्वीचे हे टिपण वाचून आजच्या डॉक्टरलाही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

सूज उतरल्यावर पुढे काय होते, हे सांगितले रॉबर्ट हॅमिल्टन या इंग्लंडमधील वैद्याने. त्याने आपला निबंध १७७३ मध्ये एडिंबरो येथे सादर केला. तो छापून निघाला १७९० मध्ये. त्याच वर्षी महादजींच्या फौजेने राजपुतान्यात पाटणची लढाई जिंकली. गालगुंडानंतर सुजलेला वृषण काही रोग्यांत पुढे आक्रसून लहान होतो, झिजून जातो, असे हॅमिल्टनने नमूद केले. पुरुषाच्या जननशक्तीला या रोगाने धक्का बसू शकतो, ही शंका त्यानंतर वैद्यांच्या मनातून गेली नाही.

शंका सिद्ध करावयास मात्र साधने हवी होती. डच संशोधक लेवेनहुक याने १६७७ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले होते. पण त्यांचे काम काय, हे पुढे दीडशे वर्षे वादातच राहिले. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम ओळखले कार्ल फॉन बेअर याने, १८२७ मध्ये. बायजाबाईंनी ज्या वर्षी मुकुटरावाला दत्तक घेतले, तेच हे वर्ष. दोन्ही बीजांचा संयोग झाल्यावाचून गर्भ नाही, हे निश्चित व्हावयास आणखी अर्धे शतक लागले. १८६६ मध्ये अमेरिकन शस्त्रवैद्य मॅरियन सिम्स याने मूल नसलेल्या जोडप्यांत पुरुषबीजाचीही सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली पाहिजे, असे आग्रहाने लिहिले, तेव्हा ती सूचना अनेकांना अभद्र वाटली. ताराबाईंच्या काळी जगातील कोणत्याही राजवैद्याला या प्रश्नाचे खरे उत्तर देता आले नसते, हेही यावरून ध्यानात येईल. तेव्हा त्या काळच्या लोकांना अज्ञानाबद्दल दोष देण्याचे कारण नाही. पण आपण काही जाणत नाही, हे कबूल न करता त्यांनी निकाल मात्र दिला, आणि तो नेहमी एकाच पक्षाविरुद्ध दिला.

गालगुंडाचा आणि सैन्याचा संबंध जुना आहे. ग्वाल्हेरकरांना छावणी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. दौलतरावांची फिरती छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. दूरदूरच्या खेड्यांतील तरुण छावणीत एकत्र येतात. त्यांतील अनेकांना बालपणी गालगुंड होऊन गेलेले नसते. थुंकीच्या व श्वासाच्या तुषारांतून पसरणारा हा रोग अशा ठिकाणी वणव्यासारखा पसरतो आणि नको त्या वयात गाठतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याच्या कारणांत इन्फ्लुएंझा आणि परमा यांच्या खालोखाल गालगुंडाचा क्रमांक होता. तोफांनी नव्हे, गाल सुजल्याने पलटणी अंथरुणाला खिळल्या.

रोगाचे कारण एक विषाणू आहे, हे जॉन्सन आणि गुडपाश्चर या अमेरिकन संशोधकांनी १९३४ मध्ये माकडांवरील प्रयोगांनी दाखविले. हा विषाणू रक्तावाटे शरीरभर फिरतो. वयात न आलेल्या मुलाच्या वृषणाला तो सहसा त्रास देत नाही. वयात आलेल्या पुरुषात मात्र, गाल सुजल्यावर साधारण आठवड्याभरात पुन्हा ताप भरतो, हुडहुडी येते आणि वृषण सुजून अत्यंत दुखू लागतो. वृषणाभोवती एक चिवट पांढरे वेष्टन असते. ते ताणले जात नाही. आतील सूज वाढते, जागा तेवढीच राहते, आणि त्या दाबाखाली बीज तयार करणाऱ्या बारीक नलिका चिरडल्या जातात. विषाणूचा मारा आणि हा दाब, अशी ही दुहेरी इजा आहे.

आकडे पाहिले म्हणजे भय आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. लस न घेतलेल्या व वयात आलेल्या पुरुषांना गालगुंड झाले, तर शंभरातील सुमारे १५ ते ३० जणांना वृषणदाह होतो. त्यांतील बहुतेकांचा एकच वृषण सुजतो. दोन्ही सुजण्याचे प्रमाण १० ते ३० टक्के. सुजलेल्या वृषणांपैकी ३० ते ५० टक्के पुढे थोडेफार आक्रसतात. पण एक निरोगी वृषणही पितृत्वाला पुरेसा असतो. वृषणदाह झालेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या जननक्षमतेत उणीव राहते, असे सांगितले जाते. संपूर्ण व कायमचे वंध्यत्व विरळच. ‘याला मोठेपणी गालगुंड झाले, आता याला मूल व्हावयाचे नाही’, असे विवाह ठरविताना कुजबुजणारे लोक वैद्यकाच्या नव्हे, कुचाळकीच्या बाजूचे आहेत. उलट, पुरुष दणकट दिसतो म्हणून त्याची तपासणीच नको, असे म्हणणारेही तितकेच चुकतात. शरीराच्या दणकटपणावरून, किंवा पौरुषाच्या इतर खुणांवरून, बीजाची स्थिती कळत नाही.

ग्वाल्हेरच्या राजवाड्यातच या विषयाची पुढची एक कथा आहे, आणि ती एकतर्फी नाही. जयाजीरावांचे पुत्र माधवराव. त्यांच्या पहिल्या राणी चिंकूराजा यांना मूल झाले नाही, म्हणून त्यांनी गोव्याच्या राणे घराण्यातील कन्येशी दुसरा विवाह केला. त्या गजराराजा झाल्या. त्यांना कमलाराजे ही कन्या आणि १९१६ मध्ये जिवाजीराव हा पुत्र झाला. येथे दुसऱ्या लग्नाने वारस मिळाला, हे खरे. पण एका घरात फासा अनुकूल पडला, यावरून नियम होत नाही. ज्या असंख्य घरांत दुसरी आणि तिसरी बायको आणूनही पाळणा हलला नाही, त्या घरांची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. तेथील स्त्रियांच्या वाट्याला आलेले बोल त्यांच्याबरोबरच गेले. पुढे १९४६ मध्ये ग्वाल्हेरला जे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला गजराराजांचे नाव देण्यात आले. स्त्रिया व मुले यांच्या रुग्णालयाला कमलाराजांचे. जयाजीरावांचे नाव जयारोग्य रुग्णालयाने राखले आहे. दत्तक आलेला राजा, मातृत्वामुळे दरबारात मान पावलेली राणी आणि तिची कन्या, अशा तिघांची नावे आरोग्याच्या तीन वास्तूंना मिळाली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

प्रतिबंधाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९६३ मध्ये मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांच्या मुलीला, जेरिल लिन हिला, गालगुंड झाले. बापाने तिच्या घशातील स्राव प्रयोगशाळेत नेला, त्यातील विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवून सौम्य केला, आणि १९६७ मध्ये त्याची लस अमेरिकेत मान्य झाली. विषाणूचा तो वाण आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट झाग्रेब येथील वाणापासून अशीच लस बनविते. दोन मात्रांनी शंभरातील पंच्याऐंशीच्या आसपास लोकांना संरक्षण मिळते. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना गोवर, गालगुंड व रुबेला यांची संयुक्त लस नवव्या महिन्यात, पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यावी असे सुचविते. शासकीय लसीकरणात २०१७ पासून जी लस आली, ती मात्र गोवर आणि रुबेला या दोहोंपुरतीच. गालगुंड क्षुद्र, ही सुश्रुतकालीन समजूत अद्याप पुरती गेलेली दिसत नाही. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी केरळ, महाराष्ट्र, राजस्थान इत्यादी राज्यांत गालगुंडाचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा हा विषय पुन्हा वर्तमानपत्रांत आला. छावणीची जागा आता वसतिगृहांनी घेतली आहे. बालपणी रोग न झालेले आणि लसही न टोचलेले तरुण तेथे एका खोलीत चौघे राहतात.

अशा तरुणाला गालगुंडानंतर वृषणाची सूज आली, तर विषाणूवर चालेल असे औषध नाही. पूर्ण विश्रांती, लंगोटाचा आधार, थंड पट्ट्या आणि वेदनाशामक गोळ्या एवढाच उपचार असतो. एकाच बाजूस एकाएकी तीव्र वेदना झाल्यास मात्र गालगुंडाचेच असेल म्हणून घरी बसू नये; वृषणाला पीळ पडला असल्यास काही तासांतच शस्त्रक्रिया करावी लागते. बीजाची तपासणी लगेच करून उपयोग नाही. नवे शुक्रजंतू तयार व्हावयास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून निदान तीन महिने थांबून ती करतात. आणि पहिला आकडा कमी आला तरी पुढे तो सुधारू शकतो.

मूल नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी कारणाचा काही भाग किंवा सगळा भाग पुरुषाकडे असतो. पुरुषाची तपासणी स्वस्त, वेदनारहित आणि अर्ध्या दिवसाची. स्त्रीच्या तपासण्या त्या मानाने पुष्कळ आणि त्रासाच्या. असे असूनही दवाखान्याची पायरी बहुधा बाईच आधी चढते, सासूला बरोबर घेऊन. जाणता डॉक्टर तिचे म्हणणे ऐकून घेतो आणि पुढच्या खेपेस नवऱ्याला आणावयास सांगतो. तो आला म्हणजे त्याला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक असतोच: वयात आल्यानंतर कधी गालगुंड झाले होते काय, आणि त्या वेळी आणखी कोठे सूज आली होती काय?